चालतंय ते बदलायचं कशाला?

शहापूरला तहसील कचेरीच्या आसपास, मुरबाडच्या बाजारपेठेत, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावड्याच्या नाक्यांवर सेवा केंद्रांचे छोटे गाळे दिसतात. एक-दोन संगणक, अंगठ्याचं यंत्र, लेझर प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर बाकडं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, अकरावीचा प्रवेश अर्ज, आधारवरून पैसे काढणं, सगळं त्या एकाच टेबलावर होतं. २०२५च्या दिवाळीच्या तोंडावर अशा केंद्रांत दोन गोष्टी एकदमच येऊन धडकल्या. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सप्टेंबरात सुरू झाली होती, त्यामुळे बाकडं रिकामं होत नव्हतं. आणि १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट थांबवला.

१५ तारखेला संगणक रोजच्यासारखे सुरू झाले. प्रिंटर चालला, अंगठा लागला, पावती निघाली. मग चालतंय ते बदलायचं कशाला, हा प्रश्न साहजिकच होता. तो आळसातून आलेला नाही. ज्याचं पोट त्या एका मशीनवर आहे, त्याला ते दोन दिवस बंद ठेवणं परवडत नाही. म्हणूनच या प्रश्नाला ‘अपडेट कराच’ एवढं दोन शब्दांचं उत्तर पुरत नाही.

सपोर्ट संपला म्हणजे विंडोज बंद पडली, असं नव्हे. २९ जुलै २०१५ला आलेल्या विंडोज १०मध्ये सापडणारी भगदाडं मायक्रोसॉफ्ट दर महिन्याला बुजवत होती. ते बुजवणं आता सर्वसाधारण ग्राहकासाठी थांबलं. डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसच्या खुणा ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहणार आहेत, यावर पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला. पण कुंपण मोडलेलं असेल तर राखणदाराला चोरांचे चेहरे पाठ असून भागत नाही. शिवाय ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही सपोर्ट त्याच दिवशी संपला, ही बातमी विंडोजच्या गलबल्यात बहुतेकांच्या कानावरच आली नाही. ग्रामीण भागातल्या कार्यालयांत वर्ड आणि एक्सेल म्हणजे अजूनही बहुधा हेच.

हे पूर्वीही घडलं आहे. विंडोज एक्सपी २००१मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ला संपली. विंडोज ७ संपली १४ जानेवारी २०२०ला. दोन्ही वेळा लोकांनी पुढची काही वर्षं त्याच चालवल्या. अखेर मायक्रोसॉफ्टच्या ताकिदीपेक्षा ब्राउझरनं त्यांना हलवलं. फेब्रुवारी २०२३पासून विंडोज ७ आणि ८.१वर क्रोमची नवी आवृत्ती येणं बंद झालं, १०९ ही शेवटची. मग हळूहळू सरकारी पोर्टलं, बँकांची पानं कुरकुरायला लागली. विंडोज १०वर क्रोम अजून चालतं, त्यामुळे आज कोणाला काही टोचत नाही. टोचेल तेव्हा ऐन प्रवेशाच्या नाहीतर पीक विम्याच्या मुदतीत टोचेल.

धोका किती खरा आहे, याचं उदाहरण शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भगदाडावर ठिगळ दिलं. ज्यांनी ते लावलं नाही, त्यांना १२ मेपासून ‘वॉनाक्राय’नं गाठलं. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक त्यात अडकले. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७चे होते. म्हणजे ठिगळ उपलब्ध होतं, फक्त लावलं गेलं नव्हतं. परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली की तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला खास ठिगळ काढावं लागलं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि उरणच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरची कामं हातानं करायची पाळी आली. या दुसऱ्या हल्ल्यात शिकण्यासारखं असं की, एका मशीनवर पाय ठेवायला जागा मिळाली की तिथले पासवर्ड चोरून तो शेजारच्या ठिगळ लावलेल्या मशीनवरही चढत होता. एका गाळ्यात दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले असतील, तर त्यातला जुना ‘फक्त टायपिंगला’ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा ‘अपडेट केलं आणि बिघडलं’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. महिन्याची छोटी ठिगळं ताबडतोब घ्यावीत, वर्षाचं मोठं अपडेट मात्र दोन-तीन महिने दुसऱ्यांवर पारखून झाल्यावर, एवढी सावधगिरी समंजसपणाची आहे.

आता खरी अडचण. विंडोज ११ फुकट आहे, पण जागा सगळ्यांना नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी कोणीही पुऱ्या करील. अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएम २.०वर. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीच्या रायझन २०००पासून पुढचे प्रोसेसरच चालतात. पिढी ओळखणं सोपं आहे. आय-५ ४५९० यातला पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. आय-३ ८१०० म्हणजे आठवी. आकडे पाच असतील, जसं १०४००, तर पहिले दोन बघायचे, म्हणजे दहावी.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नवीन डेस्कटॉप घेणारे थोडे. बहुतेकांकडे असतात त्या कंपन्यांनी वापरून काढलेल्या डेल ऑप्टिप्लेक्स नाहीतर एचपीच्या मशीन, कल्याणहून, उल्हासनगरहून किंवा थेट लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या. कॅबिनेट पोटाशी धरून आसनगाव लोकल पकडणारी माणसं इथे नवलाची नाहीत. मशीन दणकट असतात, पण त्यात सहाव्या-सातव्या पिढीची भरती मोठी आहे. नेमकी हीच जात दुर्दैवी. एसएसडी टाकली की ती कोऱ्या मशीनसारखी पळते आणि तरी विंडोज ११च्या दारातून परत फिरते. ‘कॅनालिस’ या संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२३मध्येच अंदाज वर्तवला होता की जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक या कारणानं भंगारात निघू शकतात. चांगल्या चालत्या यंत्राला असं कालबाह्य ठरवणं अन्यायाचं आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा भार ज्यांनी पैसे साठवून जुनं मशीन घेतलं त्यांच्यावरच पडतो.

पण नकार आला म्हणून लगेच हार मानू नये. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. आठव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मदरबोर्डांत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली. इंटेलमध्ये तिचं नाव ‘पीटीटी’, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’. ती चालू केली की काल ‘नाही’ म्हणणारं मशीन आज ‘हो’ म्हणतं. दुसरा अडथळा ‘लेगसी’ पद्धतीनं टाकलेल्या विंडोजचा. त्यासाठी डिस्कची मांडणी बदलावी लागते. ते होतं, पण आधी डेटाची दुसरी प्रत काढल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आणि तरीही, मशीन पात्र आहे का हा अर्धाच प्रश्न. खेड्यातल्या संगणकाचं वय त्याच्या प्रोसेसरवरून जितकं ठरतं, त्याहून जास्त त्याला काय काय जोडलेलं आहे त्यावरून ठरतं. निर्णय घेण्यापूर्वी टेबलाखाली वाकून एकेक वायर हातात धरून बघावी.

पहिली वायर अंगठ्याच्या यंत्राची. आधार प्राधिकरणानं जुन्या दर्जाची यंत्रं बाद करून एल-१ दर्जाची सक्तीची केली, तेव्हा केंद्रचालकांना यंत्र आधीच बदलावं लागलं. या यंत्रांची आरडी सर्व्हिस नावाची प्रणाली प्रामुख्यानं विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. विंडोज ११वर तिचा नवा ड्रायव्हर घ्यावा लागतो, लिनक्सवर भरवसा ठेवता येत नाही. दुसरी वायर डिजिटल सहीच्या टोकनची. त्याचंही तेच. तिसरी प्रिंटरची. कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर शाळा, दुकानं, वकिलांची कार्यालयं इथे अजून ठाण मांडून आहे. ६४-बिट विंडोजवर तो निमूट चालतो, लिनक्सवर मात्र हट्टीपणा करतो. एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण त्याला वेगळा प्लगइन टाकावा लागतो.

चौथी गोष्ट वायरीत दिसत नाही, ती मराठीची. छोट्या छापखान्यात पावसाळा सरला की तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची तयारी सुरू होते. तिथल्या संगणकावर पेजमेकर ७ हे पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर असतं, त्याची ही शेवटची आवृत्ती २००१ची, आणि त्याच्या जोडीला मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी किंवा आकृती. श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्या संगणकाच्या मागे खोचलेल्या एका डाँगलशिवाय उघडत नाहीत. त्या डाँगलचा ड्रायव्हर ज्या विंडोजसाठी लिहिला, तिच्या पलीकडे तो जाईलच असं नाही. ग्रामपंचायतीत नि संस्थांत हीच कथा सी-डॅकच्या आयएसएम आणि ‘सुरेख’ फाँटची. या जुन्या फाँटांत ‘क’ म्हणून जे दिसतं ते संगणकाच्या लेखी एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. त्यावर मराठी मुखवटा चढवलेला. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि वीस वर्षांची इतिवृत्तं निरर्थक खुणांची रांग होऊन समोर येतात.

फाँटची फाईल स्वतः विंडोज ११वर चालते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अडतं ते कळफलक चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर. म्हणून मशीनला हात लावण्याआधी सगळे जुने फाँट एका फोल्डरात कॉपी करून ठेवावेत आणि महत्त्वाचे दस्तऐवज कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावेत. नवीन लिखाण तर युनिकोडमध्येच व्हावं. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतोच, आणि २०१९पासून उच्चारानुसारी कळफलकही आला आहे. पत्रिका छापणाऱ्या मशीनचं मात्र वेगळं आहे. त्याला अपग्रेडची मुळीच गरज नाही. विंडोज ७ असो वा १०, त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी, वायफाय बंद करावं आणि पेजमेकर चालतंय तोवर सुखानं चालू द्यावं. पेनड्राइव्ह फक्त तपासून लावायचा. काही जुन्या पतसंस्थांत आणि दुकानांत फॉक्सप्रोमधली डॉसच्या काळातली हिशेबाची पद्धत अजून सापडते. ती ६४-बिट विंडोजवर थेट उघडत नाही आणि विंडोज ११ ६४-बिटच असते. तिथे आधी हिशेब नव्या पद्धतीत न्यायचा, मशीनचा विचार मग करायचा. टॅलीप्राइमलाही ६४-बिट विंडोज लागते, हे दुकानदारांनी ध्यानात घ्यावं.

सेवा केंद्राच्या मशीनबाबत मात्र सवलत देता येत नाही. तिथे माणसं स्वतःचा अंगठा, आधार क्रमांक, ओटीपी आणि बँक खातं केंद्रचालकाच्या हवाली करतात. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, त्याला आता बरीच वर्षं लोटली. पैसा तारेवर गेला तो परत वहीत आला नाही. दुर्गम पाड्यावरची एखादी आजी पेन्शन काढायला अंगठा टेकवते, तेव्हा त्या मशीनवर कोणती विंडोज आहे हे विचारायची सोय तिला नसते. तिच्या वतीनं हा प्रश्न केंद्रचालकालाच स्वतःला विचारावा लागेल. अशा टेबलावर ठिगळ न मिळणारी विंडोज असूच नये. क्रॅक केलेली तर नाहीच. ‘ॲक्टिव्हेटर’ चालवण्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

मग हातात मार्ग कोणते? घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची वाढीव सुरक्षा सेवा दिली, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर मोजावे लागतात. एका खात्यावर दहा मशीन चालतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या सातव्या पिढीच्या लॅपटॉपला हे वर्ष घ्यावंच. व्यवसायांसाठी दर वेगळा आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. तेवढ्या पैशांत आठव्या पिढीच्या जुन्या मशीनकडे निम्मी वाट चालून होते. म्हणून केंद्रचालकानं हे पैसे वाढीव सेवेत न घालता मशीन बदलण्याकडे वळवावेत. जुनं विकत घ्यायचं तर आठव्या पिढीच्या खालचं आता घेऊच नये, विक्रेता कितीही स्वस्त देवो.

अपात्र मशीनवर रूफससारख्या साधनानं अटी टाळून विंडोज ११ टाकता येते आणि अनेक तंत्रज्ञ ती टाकूनही देतात. तशा मशीनना अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट लिहिलं आहे. आज मिळतात, उद्याचं कोणी सांगावं. वर्षाची मोठी आवृत्ती तर पुन्हा हातानंच टाकावी लागते. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरला कळत नाही. शिकण्यासाठी हा प्रयोग जरूर करावा, पण दुसऱ्यांचे व्यवहार चालतात त्या मशीनवर नको.

‘स्लो झालंय, फॉरमॅट मारा’ ही तर इथली रोजची मागणी. पण मशीन मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा विंडोज नसतेच, फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली आणि रॅम चारची आठ केली, तर तीन-चार मिनिटांत सुरू होणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. २०२५च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपचे भाव चढल्यानं हा खर्च पूर्वीइतका किरकोळ राहिला नाही. तरी नव्या संगणकापुढे तो थोडाच. पाच वर्षांत तीनदा फॉरमॅट मारणाऱ्यानं एकदा डिस्क बदलून बघावी.

शाळांचं काय करावं, इथे उत्तर सर्वांत आशादायक आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा इथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं डिजिटल शाळा उभी केली आणि तिचं नाव राज्यभर झालं. त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर आले. त्यातलं पुष्कळसं साहित्य आता जुनं झालं आहे. शिक्षणसंस्थांसाठी वाढीव सेवेचा दर मशीनमागे पहिल्या वर्षी अवघा १ डॉलर आहे, पण तो मिळतो संस्थात्मक परवान्याच्या करारातून. वर्गणीतून घेतलेला एकुलता लॅपटॉप त्यात बसत नाही. अशा शाळांनी लिनक्सचा विचार मनापासून करावा. केरळनं तो केव्हाच केला. तिथल्या ‘कैट’ या सरकारी संस्थेनं उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांतल्या दोन लाख संगणकांसाठी तयार केली आणि त्यातून परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचं २०१९मध्ये सांगितलं. आपल्याकडे सी-डॅकची ‘बॉस’ आहे. पण नवख्याला सर्वांत सोपी पडेल ती लिनक्स मिंट. जुलै २०२४ला आलेली मिंट २२ किमान २ जीबी रॅमवर चालते आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. विंडोज वापरलेल्या माणसाला तिचा मेनू परका वाटत नाही, मराठी इनस्क्रिप्ट चालतो, लिबरऑफिस आधीच टाकलेलं येतं. आणि ठरवण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. विंडोजला धक्का न लावता वर्गात एक दिवस मुलांच्या हाती द्यावी, प्रिंटर लावून बघावा, दीक्षा पोर्टलवरचे व्हिडिओ लावून बघावेत. जमलं तर ठेवावी. शाळेचा एखादा संगणक शासकीय पोर्टलांच्या आणि सहीच्या कामासाठी विंडोज ११वर असावा, बाकीच्यांना मिंट पुरे.

बदलायचं ठरलं की मग वीज आणि डेटा. विंडोज ११ची फाईल पाच जीबीच्या वर असते आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती उतरत नाही. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तोच पेनड्राइव्ह चार केंद्रांनी वापरावा. अपग्रेड निम्म्यावर असताना महावितरणची वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असली, तर मशीन पुन्हा उठेलच असं नाही. पावसाळ्यात इथल्या पाड्यांना विजेचा भरवसा नसतो. डेस्कटॉपचं काम म्हणूनच थंडीत, सुट्टीच्या दिवशी आणि चांगल्या बॅटरीवर करावं.

आणि एक गोष्ट, जी दुकानात हमखास नजरेआड होते. विंडोज ११ नव्यानं टाकताना ती मायक्रोसॉफ्ट खातं मागते. घाईत तंत्रज्ञ स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. २४एच२पासून नव्यानं टाकलेली विंडोज पात्र मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करते आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. पुढे वर्षभरानं मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं की पडदा निळा होतो आणि ती किल्ली विचारतो. तंत्रज्ञानं तोवर दुकान हलवलेलं असलं, तर त्या डिस्कवरची मुलीची प्रमाणपत्रं, लग्नाचे फोटो, बचत गटाचे हिशेब कोणीही परत काढू शकत नाही. म्हणून खातं मालकाच्या स्वतःच्या ईमेलनं उघडायचं, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी घ्यायचा आणि मशीन दुकानातून उचलण्याआधी ते ४८ आकडे कागदावर उतरवून, वीजबिलं ठेवतात त्या फायलीत लावायचे.